डिजिटल पियानोची सेटिंग साठवून गाण्यागणिक परत कशी आणायची?

मंजिरी_कोथरूड

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला सुगम संगीताच्या एका वर्गात साथीला डिजिटल पियानो वाजवते. कोजागरीला सोसायटीच्या सभागृहात आमचा कार्यक्रम आहे. गायक सहा, गाणी चौदा. तबला आणि पेटी सोबत आहेच.

पट्ट्या (गायकाचा षड्ज पेटीच्या ज्या कळीवर बसतो ती) सगळ्यांच्या वेगवेगळ्या. आमच्या बाई पांढरी चारमध्ये गातात, दोन मुली काळी चार, एक काळी पाच, पुरुषांपैकी एक काळी एक आणि एक काळी दोन. माझा हात पांढरी एकमध्ये बसलेला असल्यामुळे मी ट्रान्सपोझ (बोटं त्याच कळांवर ठेवून सूर वर-खाली सरकवायची सोय) वापरते. शिवाय भावगीताला नुसता पियानो, अभंगाला पियानोखाली हलके स्ट्रिंग्ज, एका नाट्यपदाला ऑर्गन, असे आवाजही बदलतात. प्रत्येक गाण्याआधी मेनूत शिरून आवाज, त्याखालचा थर, थराचा व्हॉल्यूम, ट्रान्सपोझ, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) हे सगळं एकेक करून लावावं लागतं. तोपर्यंत निवेदन संपतं, तबलजी हात ठेवून तयार बसतात आणि मी अजून बटणंच दाबत असते. त्यात गेल्या गुरुवारी तालीम चालू असताना लाईट गेली. आल्यावर पियानो सुरू केला तर सगळं मूळपदावर, ट्रान्सपोझ शून्य.

पियानोवर रजिस्ट्रेशन, म्हणजे सेटिंग साठवायची, अशी एक ते चार बटणं आहेत, आणि बँका (चार-चार जागांचे गट) आठ. पुस्तिकेत दीड पान माहिती आहे, तिच्यावरून नेमकं काय साठतं ते कळत नाही. माझे प्रश्न असे:

चौदा गाण्यांसाठी हे वापरता येईल का? ट्रान्सपोझही त्यात साठतो का? लाईट गेली तर साठवलेलं राहतं का? आणि आमची पेटी पियानोपेक्षा किंचित चढी आहे, त्यासाठी केलेलं ट्यूनिंगसुद्धा यात साठवता येतं का?

काळी_दोन

मंजिरीताई, तुमच्या कामासाठीच ती चार बटणं दिलेली आहेत. चार गुणिले आठ म्हणजे ३२ जागा. चौदा गाणी बसवून निम्म्याहून जास्त उरतील.

मी पुण्यात बरीच वर्षं भावगीतं आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना कीबोर्ड-पियानोची साथ करतो. माझं स्पष्ट मत आहे की साथीदाराने कार्यक्रमात मेनू उघडूच नये. गायक सूर धरून उभा असतो. त्या वेळी आपली नजर त्याच्या तोंडाकडे असायला हवी, पडद्याकडे नाही. साठवण शिकायची ती यासाठी.

आधी पद्धत. एका गाण्याला लागणारं सगळं एकदा शांतपणे लावून घ्या: मुख्य आवाज, खालचा थर, दोघांचे आपापसातले व्हॉल्यूम, रिव्हर्ब, ट्रान्सपोझ, आणि मेट्रोनोम लागत असेल तर लय. मग बँक निवडा. त्यानंतर ‘मेमरी’ किंवा ‘स्टोअर’ लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि ते न सोडता एक ते चारपैकी एक आकडा दाबायचा. तुम्ही कंपनीचं नाव लिहिलेलं नाही, पण चार बटणं आणि बँका असलेल्या बहुतेक पियानोंवर हीच रीत असते. परत आणताना नुसता आकडा दाबायचा.

इथे एक जपा. त्या आकड्यावर आधी काही असेल तर बऱ्याच मॉडेलांवर पियानो काही न विचारता त्यावरच नवं लिहितो. जुनं परत आणायची सोय नसते. म्हणून तालमीत काही बदलून बघायचं असेल तर आठवी बँक त्यासाठी मोकळी ठेवा आणि पसंत पडलं की मगच जागेवर साठवा.

आता काय साठतं. पियानोचा आतला हिशोब असा की ‘आत्ता वाजतंय ते’ आणि ‘साठवलेलं’ या दोन वेगळ्या जागा आहेत. ओट्यावर काढलेलं सामान आणि फडताळात ठेवलेले डबे यात जो फरक, तोच. लाईट गेली की ओटा पुसला जातो, फडताळाला काही होत नाही. गुरुवारी तुमचं गेलं ते ओट्यावरचं. आकड्यावर साठवलेलं लाईट गेल्यावरही राहतं.

साठवण होते ती मुख्यतः आवाज, थर, स्प्लिट (डाव्या-उजव्या हाताला वेगळे आवाज), त्यांचे व्हॉल्यूम, इफेक्ट आणि लय यांची. ट्रान्सपोझ बहुतेक मॉडेलांत साठतो. पण पुस्तिकेवर किंवा माझ्यावर विसंबू नका, पाच मिनिटांत स्वतः तपासा. ट्रान्सपोझ मुद्दाम +३ करा, रिव्हर्ब पूर्ण वर न्या, लय १३७ करा, स्पर्शाची सेटिंग ‘हार्ड’ करा, आणि हे सगळं आठव्या बँकेच्या चारवर साठवा. मग पियानो बंद करून चालू करा. सगळं मूळपदावर आलेलं असेल. आता आठवी बँक निवडून चार दाबा आणि एकेक गोष्ट बघत जा. १३७ दिसलं तर लय साठते. पांढरी एक दाबल्यावर काळी दोन ऐकू आली तर ट्रान्सपोझ साठतो. जे परत आलं नाही ते रजिस्ट्रेशनच्या बाहेरचं, त्याची वेगळी यादी करा. १३७ असा विचित्र आकडा अशासाठी, की तो आपोआप येणं शक्यच नसतं.

मुख्य व्हॉल्यूमची खुंटी किंवा सरकपट्टी यात धरू नका. ती हाताने फिरवायची वस्तू आहे, जिथे असेल तिथेच राहते. कार्यक्रमात ती एकदा लावायची आणि गाण्यागाण्यातला कमीजास्तपणा थरांच्या व्हॉल्यूममधून साठवायचा. ऑर्गनचा आवाज पियानोपेक्षा अंगावर येतो. तो घरी हेडफोनवर ठरवू नका, सभागृहातल्या स्पीकरवर ऐकून मगच कमी करून साठवा.

पट्ट्यांचं गणित तुम्हाला माहीत असेलच, तरी इतरांसाठी लिहितो. हात पांढरी एकचा असेल तर काळी एकला +१, काळी दोनला +३, पांढरी चारला +५. काळी चारला −४ किंवा +८, काळी पाचला −२. ज्यांचा ट्रान्सपोझ फक्त −६ ते +६ इतकाच जातो त्यांना +८ मिळणार नाही, पण −४ ने काम होतं. फरक इतकाच की −४ वर डावा हात खोल जातो, आणि खाली तबल्याचा डग्गा आणि डावा हात एकमेकांत मिसळतात. अशा गाण्यांना मी डावा हात एक सप्तक वर घेऊन वाजवतो. तुमचा ट्रान्सपोझ +८ पर्यंत जात असेल तर दोन्ही करून बघा आणि गाण्याला जे शोभेल ते साठवा. काळी चारच्या दोन्ही मुलींना एकच लागू पडेल असं नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. पेटीवाले आणि तुम्ही पट्टीबद्दल बोलाल तेव्हा खरी पट्टी बोला, पियानोवरचा आकडा नको. ‘प्लस पाच’ ऐकून पेटीवाल्यांना काही बोध होणार नाही. ‘पांढरी चार’ म्हटलं की सगळे एका जागी येतात.

आणि गाणी साठवताना गायकांप्रमाणे नाही, कार्यक्रमाच्या क्रमाने साठवा. पहिली बँक, एक ते चार, ही पहिली चार गाणी. बँक बदलायला जास्तीची दाबादाबी लागते, म्हणून चार गाण्यांनंतर निवेदन येईल असा क्रम लागतोय का ते निवेदिकेशी बोलून बघा. आमच्याकडे हे अगदी ठरलेलं असतं: बँक बदलायची ती निवेदनात. एखादं गाणं मधेच आवाज बदलणारं असेल, म्हणजे ध्रुवपदाला पियानो आणि अंतऱ्याला स्ट्रिंग्ज, तर त्याला शेजारशेजारच्या दोन जागा द्या. बदल गायक श्वास घेतो तिथे करा. बदलताना पेडल दाबलेलं असेल तर काही पियानोंवर आधीचा नाद कापला जातो, काहींवर शेवटपर्यंत राहतो. तुमचा काय करतो ते तालमीतच कळेल.

रंगाऱ्यांची कागदी टेप मिळते ती बटणांच्या वर लावून पेन्सिलीने लिहा. माझ्याकडे असं लिहिलेलं असतं: ‘१-३ अभंग, काळी १, पि+स्ट्रिं’. रंगमंचावर दिवे मंद झाल्यावर पडद्यापेक्षा हेच लवकर वाचता येतं.

टेकडी_रोज

वरच्या सल्ल्यात विजेचं थोडं घालतो. साठवलेलं राहतं हे बरोबर, पण प्रत्यक्ष साठवत असताना वीज जाऊ देऊ नका. त्या क्षणी फ्लॅश मेमरीत लिहिणं चालू असतं, अर्धवट राहिलं तर ती जागा बिघडू शकते. पडद्यावरचा संदेश जाईपर्यंत हात लावायचा नाही. गुरुवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवतात, तेव्हा साठवणीचं काम दुसऱ्या दिवशी काढा.

कार्यक्रमातला धोका वेगळा आहे. लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत पियानो बंद होतो आणि चालू झाल्यावर पहिल्यासारखा येतो. रजिस्ट्रेशन असेल तर एक बँक आणि एक आकडा दाबून पुढे जाता येतं, पण मधला खंड पडतोच. त्यावर उपाय म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस. पियानोला वीज फार लागत नाही. बऱ्याच पोर्टेबल पियानोंचा ॲडाप्टर १२ व्होल्ट, १.५ ॲम्पिअरचा असतो, म्हणजे कमाल १८ वॅट. घरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा एवढ्या भारावर जनरेटर येईपर्यंत आरामात तग धरतो.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा एक स्विच असतो तो बघा. यूपीएसवर ठेवला तर बदल इतका झटकन होतो की पियानो बहुधा बंद पडत नाही. वायफाय राऊटरसाठी मिळणारे छोटे १२ व्होल्टचे बॅटरी डबे लोक वापरतात. ते घ्यायचे तर आधी तुमच्या ॲडाप्टरवरचं छापलेलं वाचा: व्होल्ट तितकेच हवेत, ॲम्पिअर तितके किंवा जास्त, आणि पिनच्या आत प्लस आहे की मायनस ते जुळायलाच हवं. सगळ्या कंपन्यांचं ते सारखं नसतं. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ॲडाप्टर बरोबर घेऊन गेलात तर तिथेच मीटर लावून दाखवतात.

आणखी एक. कॅसिओचे प्रिव्हिया पीएक्स-एस १०००, ११००, ३००० हे पियानो सहा एए सेलवरही चालतात. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी कार्यक्रमाला आत सेल घालूनच जावं.

पेठेतली_रियाज

माझ्याकडे यामाहाचा पी-४५ आहे. त्याला रजिस्ट्रेशनची बटणंच नाहीत. आवाज दहा, आणि ट्रान्सपोझ कळ दाबून लावायचा. माझ्यासारख्यांनी काय करायचं? शिवाय थोडा वेळ वाजवलं नाही की तो आपोआप बंद होतो आणि लावलेलं जातं.

काळी_दोन

आपोआप बंद होण्याचं आधी सांगतो, कारण तालमीत सगळ्यांनाच ते नडतं. पी-४५ ला ३० मिनिटं काहीच वाजलं नाही की तो स्वतःला बंद करतो, वीज वाचवायला. नको असेल तर पियानो बंद असताना सगळ्यात डावीकडची कळ दाबून धरा आणि तशीच धरून चालू करा. ती सोय बंद होते आणि पुढेही बंदच राहते. सगळ्यात उजवीकडची कळ मात्र अशी धरून चालू करू नका, त्याने सगळी सेटिंग कारखान्यातून आल्यासारखी होतात.

साठवणीची बटणं नसलेल्यांसाठी दोन वाटा. पियानो ॲपला जोडला जात असेल, उदाहरणार्थ यामाहाचा पी-१२५ आणि त्याचं स्मार्ट पियानिस्ट हे ॲप, तर सेटिंग फोनमध्ये किंवा टॅबलेटवर नावानिशी साठवता येतं. गाण्याचंच नाव द्यायचं, शोधावं लागत नाही. कार्यक्रमात फोन ‘एअरप्लेन’वर टाकून वायरने जोडा. ऐन गाण्यात फोन आला तर पंचाईत.

पी-४५ ला ते जमणार नाही. तिथे मी आवाज बदलण्याचा मोह सोडायला सांगेन. पूर्ण कार्यक्रम एकाच पियानोच्या आवाजात करा, बदलायचा तो फक्त ट्रान्सपोझ. आणि आयोजकांना विनंती करून एका पट्टीची गाणी लागोपाठ घ्या. एकाच आवाजात चांगली साथ होते. आमच्या पिढीने अख्खी नाट्यपदं एका ऑर्गनवर ऐकली आहेत आणि त्यात काही कमी वाटलं नाही.

मंजिरी_कोथरूड

खूप आभार. १३७ ची तपासणी करून पाहिली. आवाज, थर, रिव्हर्ब, लय आणि ट्रान्सपोझ सगळं परत आलं. स्पर्शाची सेटिंग आली नाही, आणि ट्यूनिंगही नाही. म्हणजे पेटीचं कसं करायचं? पेटी ४४२ ला (पांढरी सहाची सेकंदाला ४४२ कंपनं; पियानो ४४० ला असतो) लावलेली आहे असं पेटीवाले म्हणतात. दोन आकड्यांनी एवढा फरक पडतो का?

काळी_दोन

पडतो. ४४० आणि ४४२ मध्ये साधारण ८ सेंटचं अंतर आहे, म्हणजे अर्ध्या स्वराचा बारावा हिस्सा. एकेकटं ऐकलं तर कुणाला कळणार नाही. पण पेटी आणि पियानो एकत्र लांब सूर धरतात तेव्हा मधल्या सप्तकातल्या पांढरी सहावर सेकंदाला दोन लाटा, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात, आणि गायकाला षड्ज कुठे ठेवायचा ते कळेनासं होतं.

जुळवून घ्यायचं पियानोनेच. पेटीच्या आतल्या धातूच्या पट्ट्या (रीड) ऐन वेळी घासता येत नाहीत, तबला आणि तानपुरा लावता येतात, आणि पियानोला तर एक आकडा बदलायचा असतो. पण पेटीवाल्यांनी सांगितलेला आकडा तसाच टाकू नका, कानाने लावा. ट्रान्सपोझ शून्य करा. पियानोवर ऑर्गनचा आवाज घ्या, कारण पियानोचा सूर विरत जातो आणि तोपर्यंत लाटा मोजता येत नाहीत. दोघांनी पांढरी सहा धरा. पेटीवाल्यांना भाता एकसारखा मारायला सांगा, जोर वाढला की रीडचा सूर किंचित उतरतो. आता पियानोचं ट्यूनिंग हळूहळू चढवत न्या. लाटा सावकाश होत होत थांबतील. तो तुमचा आकडा, मग तो ४४२ असो की ४४१.६. हे सभागृहातच करा, पेटी तिथल्या हवेत थोडी स्थिरावल्यावर.

हे ट्यूनिंग रजिस्ट्रेशनमध्ये येत नाही यात तुमचा फायदाच आहे. ते पूर्ण वाद्याला लागू असतं, त्यामुळे एकदा लावलं की चौदाही गाण्यांना पुरतं, आकडा कोणताही दाबा. फक्त पियानो बंद करून चालू केल्यावर ते टिकतं का ते बघून घ्या. टिकत नसेल तर टेपच्या पहिल्या ओळीत तो आकडा आणि स्पर्शाची सेटिंग लिहा. पियानो चालू केल्यावर आधी हे दोन लावायचे, मग पहिली बँक.

टेकडी_रोज

शेवटचं, पेनड्राइव्हवर प्रत घ्यायला विसरू नका. तुमच्या पियानोला यूएसबीची चपटी रुंद खाच असेल, म्हणजे पेनड्राइव्ह बसेल अशी, तर ‘सेव्ह’ किंवा ‘युजर फाइल’ असा पर्याय सापडेल. रजिस्ट्रेशनची फाइल अगदी लहान असते, जुना ४ किंवा ८ जीबीचा पेनड्राइव्ह चालतो. तो पियानोवरच फॉरमॅट करा म्हणजे वाचायची अडचण येत नाही. रुंद खाचेऐवजी फक्त प्रिंटरसारखी चौकोनी खाच असेल तर ती कॉम्प्युटरला जोडायची, तिथे पेनड्राइव्ह लागत नाही. पियानो सर्व्हिसिंगला देताना तर ही प्रत हवीच, कारण तिथे पहिली गोष्ट होते ती फॅक्टरी रिसेट.

मंजिरी_कोथरूड

रुंद खाच आहे. आज रात्री पहिल्या आठ गाण्यांची साठवण करून प्रत काढते, उरलेली शनिवारच्या तालमीनंतर. निवेदिकेशी बोलले, ती चौथ्या, आठव्या आणि बाराव्या गाण्यानंतर मोठं निवेदन घ्यायला तयार आहे.